चार सेल, बारा व्होल्ट

जून लागला की उमेळ्यातल्या माझ्या घरात माशांचा वास सुटतो. मासे नसतात, येतात ते स्टिरिओ. १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या, आणि त्यांच्या केबिनमधून उपसलेले संच प्लास्टिकच्या पिशव्यांतून माझ्या टेबलावर. कुणी नायगाव कोळीवाड्यातून आणतं, कुणी पाचूबंदरहून, कुणी किल्लाबंदरहून. झाकण उघडावं तर आत पांढऱ्या मिठाचा थर, तांब्याच्या वायरीवर हिरवं कीट आणि हमखास एखादा खवला. एकदा कॅसेट घालायच्या तोंडातून वाळलेली करंदी निघाली होती. संच आणणाऱ्याचा प्रश्न मात्र चाळीस वर्षांत बदललेला नाही : "वायरमन, नारळी पुनवेपर्यंत होईल ना?"

खरं तर उमेळं काही बंदर नव्हे. नायगाव आणि वसई रोड या दोन स्टेशनांच्या मधलं, रुळांच्या पश्चिमेचं हे गाव. एका बाजूला वाड्या, दुसरीकडे मिठागरं, खाडी त्यांच्या पलीकडे. पण दिवस मावळल्यावर वारा पडतो, पाण्यालगतची हवा थंड होते, वरची उबदारच राहते. अशा हवेत आवाज वर विरून न जाता खाली वाकतो आणि लांबवर पोचतो. त्यामुळे खाडीत शिरणाऱ्या होडीवरचं गाणं मिठागराच्या बांधावर बसून स्पष्ट ऐकू यायचं. माझे मामा कोळीवाड्यातले, होडीचे तांडेल. कुठली होडी परतते आहे हे आम्ही पोरं गाण्यावरून ओळखायचो. पुढे त्या गाण्यांच्या मागे वायरी जोडायचं काम माझ्याच वाट्याला आलं.

शिडाच्या होडीवर स्टिरिओ कसा बसवायचा, असं कुणी विचारलं तर मी म्हणतो, पहिला बसवावाच लागला नाही. तो दोरीनं बांधला होता आणि चार सेलवर चालत होता.

१९५० च्या दशकात आमच्या किनाऱ्यावर डिझेल इंजिनं येऊ लागली, पण ती एका दिवसात सगळ्यांकडे आली नाहीत. आजोबांची होडी शेवटपर्यंत शिडाची. मामांच्या होडीला १९७० च्या दशकात इंजिन होतं, तरी डोलकाठी उतरवलेली नव्हती. वारा पाठीशी असला की इंजिन बंद, शीड वर. डिझेल वाचायचं. त्या डोलकाठीला, माणसाच्या छातीच्या उंचीवर, कातडी पिशवीतला ट्रान्झिस्टर लटकवलेला असे. वरून दुधाची प्लास्टिकची पिशवी, आवाजासाठी खाली भोकं पाडलेली. त्या काळात घरोघरी मर्फीचं नाव होतं. मर्फीचा कारखाना ठाण्यातच. रेडिओला तेव्हा परवाना लागे, पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरावे लागत. १९८० च्या दशकात तो उठला. दर्यावर परवाना तपासायला कोण येणार, असं म्हणत मामा तरीही तो भरायचे, कारण पुस्तकावर पोस्टाचा शिक्का असे आणि त्यांना शिक्क्यांचं कौतुक होतं.

ट्रान्झिस्टर गाण्यांसाठी घेतलेला नव्हता. तो हवामानासाठी होता. बंदरावर वादळाचा बावटा चढतो तो बंदरात असलेल्याला दिसतो. तीन नंबरचा बावटा पाहून माणूस निघायचं थांबतो, पण आधीच निघून गेलेल्याचं काय? त्याला आकाशवाणीच. मुंबई केंद्रावरून मच्छीमारांसाठी इशारा आला की होडीवरची सगळी तोंडं मिटायची. तो संपला की मग विविध भारती. १९५७ साली सुरू झालेली ही सेवा मामांच्या पिढीला पाठ होती. डोल मारणाऱ्यांना मोकळा वेळही असायचा. डोलीचं जाळं पाण्याच्या ओढीवर चालतं. खुंटाला बांधलेलं जाळं भरती-ओहोटीच्या ओढीत तोंड उघडून उभं राहतं, आणि पाणी थबकलं की ओढून घ्यायचं. मधले काही तास वाट पाहायची. गाण्याची जागा त्या वाट पाहण्यात होती.

त्या ट्रान्झिस्टरचं खरं मोल मला एका जानेवारीत कळलं. सुट्टीत मामांबरोबर गेलो होतो. पहाटे धुकं असं दाटलं की नाळेवर उभा असलेला खलाशी सुकाणूवरून दिसेना. मामांनी ट्रान्झिस्टर काढला, आडवा तळहातावर धरला, मुंबई केंद्र लावलं आणि स्वतःभोवती सावकाश फिरू लागले. आवाज मोठा होता, बारीक झाला, एका ठिकाणी जवळजवळ बुडाला. तिथे ते थांबले. संचाची एक कड जिकडे होती तिकडे बोट करून म्हणाले, "ही मुंबई."

मला वाटलं, गंमत करतायत. पुढे रेडिओदुरुस्तीच्या संध्याकाळच्या वर्गात ट्रान्झिस्टर उघडला तेव्हा उलगडा झाला. आत बोटाएवढी काळी फेराइटची कांडी असते, तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. मध्यम लहरी तीच पकडते. कांडी केंद्राच्या मनोऱ्याला आडवी असली की आवाज भरपूर. तिचं टोक मनोऱ्याकडे झालं की आवाज बुडतो. आकाशवाणीचे मनोरे मालाडच्या बाजूला, म्हणजे आमच्या दक्षिणेला. टोकं दोन, म्हणून दिशाही दोन निघतात. पण किनारा पूर्वेला आहे एवढं तर प्रत्येक खलाशाला ठाऊक असतं. शिवाय मध्यम लहरी खाऱ्या पाण्यावरून जमिनीपेक्षा कितीतरी लांब जातात, कारण खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं. डोंगर-इमारतींत खरखरणारा तो संच दर्यावर लख्ख बोलायचा. यातलं काही मामा शिकले नव्हते. त्यांनी कानानं ओळखलं होतं. चार सेलवर त्यांना तीन गोष्टी मिळत : इशारा, दिशा आणि गाणं. महत्त्वाचा क्रमही हाच.

नंतर कॅसेट आली. फिलिप्सनं ती १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली, पण आमच्या कोळीवाड्यांत टेपरेकॉर्डर घुमू लागला तो १९८० च्या दशकात. परदेशातल्या जहाजांवर नोकरीला असलेला एखादा भाऊबंद टू-इन-वन आणायचा, आणि चार दिवसांत तो घरातून होडीवर जायचा. शांता शेळके यांनी लिहिलेली, हृदयनाथ मंगेशकरांनी चाल दिलेली, लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांच्या आवाजातली कोळीगीतं आधी रेडिओवर वाट पाहून ऐकावी लागत. आता ती हवी तेव्हा, हवी तितक्यांदा. पाठोपाठ वेसावकर आणि मंडळींच्या कॅसेटी आल्या. इंजिनानं होडीवरून वल्ही जवळजवळ हद्दपार केली होती आणि वल्ह्यांची गाणी त्याच इंजिनाच्या धडधडीवर मात करण्याएवढ्या मोठ्या आवाजात वाजत होती. कुणाला यात विसंगती वाटली नाही. मलाही नाही. मी तेव्हा कॅसेटचं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसण्यात आणि मिठानं चिकटलेली टेप पेन्सिलीनं गुंडाळण्यात दंग होतो.

टू-इन-वनला सहा-आठ जाडे सेल लागत, आणि कॅसेट फिरवणारी मोटर ते भराभर संपवत असे. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं : इंजिन सुरू करायला होडीवर बॅटरी आहेच की. बारा व्होल्ट. ट्रकवाले लावतात तसा कारस्टिरिओ आपणही लावू. १९९० च्या सुमारास पहिला संच मीच बसवला, मामांच्या होडीवर. लॅमिंग्टन रोडवरून स्टिरिओ, चोरबाजारातून दोन स्पीकर.

ट्रकचं ज्ञान होडीवर चालत नाही, हे शिकायला मला तीन हंगाम लागले. ट्रकचं अंग लोखंडी. स्पीकरला, दिव्याला एकच वायर नेली की उलटा प्रवाह चॅसीतून बॅटरीकडे परततो. होडी लाकडाची. लाकडाला अर्थ नाही. मी शहाणपणा करून उलटी वायर इंजिनाच्या ब्लॉकला बांधली. गाणी वाजली, पण त्यांच्या मागे डासासारखी एक गुणगुण, आणि इंजिनाचा वेग वाढला की गुणगुण चढायची. तो अल्टरनेटरचा आवाज होता. वर, इंजिनातून शाफ्ट, शाफ्टातून पंखा आणि पंख्यातून खाऱ्या पाण्यात वीज गळायला लागली की धातू खायला लागते, ती गोष्ट वेगळीच. तेव्हापासून नियम केला : दोन्ही वायरी थेट बॅटरीच्या खुंट्यांपर्यंत, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. लाकडाच्या होडीवर, डिझेलच्या टाकीशेजारी, वायर तापलेली परवडत नाही.

वायरीची जाडी हा दुसरा धडा. बॅटरीपासून केबिनपर्यंत दहा मीटर, म्हणजे जाऊन-येऊन वीस. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीतून पाच अँपिअर ओढले तर वाटेतच एक व्होल्टहून जास्त हरवतो. ढोलकीच्या थापेला संच दम लागल्यासारखा विझतो. चार चौरस मिलिमीटरची वायर घातली की तोटा अर्ध्या व्होल्टच्या आत. तांब्याला कथिलाचा मुलामा असलेली वायर घेतली तर कीटही लवकर चढत नाही. वायर केबिनमध्ये शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पाणी तिच्यावरून ओघळत आत न येता झोळाच्या तळाशी ठिबकतं. हे शेवटचं कुठल्याही वर्गात शिकवलं नाही. एक संच बुडाल्यावर कळलं.

स्पीकरचंही तेच. कारच्या स्पीकरचा कोन कागदाचा. एका हंगामात तो ओल्या पापडासारखा होई. मी कागदावर व्हार्निश फासून पाहिलं. कागद टिकला, गाणं मेलं. लताबाई डब्यात बसून गातायत असं वाटे. मग मांडववाल्यांचा भोंगा आणला. भोंगा थोड्या वॉटमध्ये पुष्कळ ओरडतो, आणि इंजिनाची धडधड खालच्या पट्टीत असल्यानं तिच्या वरून स्वच्छ ऐकू येतो. पण ढोल हरवतो, आणि ढोलाशिवाय कोळीगीत म्हणजे मिठाशिवाय बोंबील. पॉलिप्रॉपिलिनच्या कोनाचे, रबरी कडेचे, पाण्याला न घाबरणारे स्पीकर आमच्याकडे सहज मिळू लागले ते फार उशिरा.

"स्टिरिओ" या शब्दाचीही फजिती झाली. डावा स्पीकर केबिनमध्ये, उजवा मागे, जिथे मासळी निवडतात तिथे, असं मी मोठ्या हौशीनं बसवलं. दुसऱ्या दिवशी तक्रार : सुकाणूवाल्याला नुसती व्हायोलिनं ऐकू येतात आणि मासळी निवडणाऱ्याला नुसता गळा. दोन्ही वायरी एकत्र पिळाव्यात तर स्टिरिओमधला आयसी जळतो. शेवटी चार स्पीकर बसवले, पुढे दोन, मागे दोन. बिल वाढलं, गाणं पूर्ण झालं.

ही सगळी झाली पैशांची नुकसानी. एक चूक वेगळ्या जातीची होती. त्याच पहिल्या बसवणुकीत मी केबिनच्या फळीवर, काचेखाली, छान दिसेल असा एक स्पीकर लावला. त्याच फळीच्या दुसऱ्या अंगाला होकायंत्र होतं. स्पीकरच्या पाठीवर चांगला मुठीएवढा लोहचुंबक असतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ते आणि होकायंत्राची सुई या दोन गोष्टी मी कधी एकत्र मनात आणल्या नव्हत्या. फळी लाकडाची, चुंबकाला ती आडवीच येत नाही. पहाटे निघाल्यावर मामांनी सुईकडे पाहिलं, मग मागे तुंगारेश्वराच्या डोंगराकडे पाहिलं, पुन्हा सुईकडे. खुणांवर चालणारा माणूस; सुईवर विश्वास ठेवण्याआधी तो डोंगराला विचारतो. त्यांनी स्क्रूड्रायव्हर मागितला, स्पीकर उतरवून होडीच्या दुसऱ्या टोकाला नेला. सुई हलली आणि जागेवर आली. मला एवढंच म्हणाले, "तुझं गाणं किल्ल्याला खाडीत ढकलत होतं."

जुना ट्रान्झिस्टर दिशा दाखवायचा. मी बसवलेला स्टिरिओ दिशा चुकवत होता. हे तेव्हा मला नुसतं हसण्यासारखं वाटलं. चुंबकापासून सुई निदान एक मीटर लांब, हा नियम वहीत लिहिला आणि विसरलो. वहीत अजून एक नोंद व्हायला हवी होती, ती व्हायला वीस वर्षं लागली.

झालं असं की स्टिरिओ बसले तसे ट्रान्झिस्टर घरी गेले. स्टिरिओत रेडिओ होता, पण लावतंय कोण? कॅसेट, नंतर सीडी, नंतर पेनड्राइव्ह. २००२ च्या सुमारास मुंबईत खासगी एफएम केंद्रं सुरू झाली तेव्हा रेडिओ पुन्हा लागला, पण एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या टप्प्यापर्यंतच चालतात; किनारा क्षितिजाखाली गेला की थोड्या वेळात तीही जातात. आणि मध्यम लहरी? नव्या स्टिरिओत बटण असायचं, पण त्यासाठीची अँटेना लावून द्या असं मला कुणी सांगितलं नाही, आणि मी लावली नाही. गिऱ्हाइकानं मागितलं गाणं, मी दिलं गाणं. इशाऱ्याचा रस्ता मी माझ्या हातानं, नीट टेप गुंडाळून, बंद केला होता.

११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ कोकण किनाऱ्यावर आलं. मामा तेव्हा थकले होते, घरीच असायचे. होडी मामेभाऊ चालवत होता आणि ती समुद्रात होती. मी कोळीवाड्यात पोचलो तेव्हा ओट्यावर मामा तोच जुना ट्रान्झिस्टर मांडीवर घेऊन बसले होते. आकाशवाणी सांगत होती की मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. गेलेला मुलगा किनाऱ्यावरचा रेडिओ कसा ऐकणार? त्याच्याकडे चार स्पीकर होते, दोन बॅटऱ्या होत्या, चार चौरस मिलिमीटरची वायर होती. मामा मला काही बोलले नाहीत. त्यांनी आवाज थोडा वाढवला, एवढंच.

होडी सुखरूप आली. वारा फिरलेला पाहून जुन्या खलाशानं गाणी बंद करायला लावली आणि त्यांनी वेळेत आडोसा गाठला. कोकणात त्या दिवशी समुद्रात असलेल्या सगळ्यांचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. भाऊ नंतर म्हणाला, गाणी चालू होती तोवर इंजिनाच्या आवाजात झालेला फरक आणि लाटांचा बदललेला ठेका, दोन्ही ऐकूच आले नव्हते.

त्यानंतरच्या वर्षांत होडीवरची यंत्रं वाढली. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात अतिरेकी 'कुबेर' ही मासेमारी नौका ताब्यात घेऊन मुंबईपर्यंत आले, तेव्हापासून सागरी सुरक्षेचे नियम कडक होत गेले. ओळखपत्रं आली, वायरलेस संच आले. व्हीएचएफच्या सोळा नंबरच्या चॅनेलवर संकटाची हाक देता-घेता येते हे पोरं शिकली. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून मासळी कुठे मिळेल याचे अंदाज मोबाइलवर येऊ लागले. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्येच, वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या कार्यक्रमात, मासेमारी नौकांवर एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. उपग्रहावरून निरोप येतो, खलाशाच्या मोबाइलवर मराठीत वाचता येतो. मामांच्या ट्रान्झिस्टरनं जे एकतर्फी केलं ते आता दोन्ही बाजूंनी होतं. पण निरोप येणं आणि तो ऐकू येणं यांत फरक आहे, आणि त्या फरकात अजूनही माझे स्पीकर बसलेले असतात.

मधे एकदा, दहाएक वर्षांपूर्वी, मुंबई बंदरातल्या एका हौशी शिडाच्या बोटीवर संच बसवायला बोलावणं आलं. पांढरी फायबरची बोट, इंजिन नावापुरतं. मला वाटलं, अवघड काय त्यात. पण इंजिन चालत नाही म्हणजे बॅटरी भरत नाही. पन्नास वॉटचं सौर पॅनल, कडक उन्हात जेमतेम तीन अँपिअर देणारं. त्यातूनच दिवे, वायरलेस, दिशादर्शक आणि गाणी. मालक अँपिअर-तास वहीत मांडत होते, मामा सेल उन्हात वाळवून पुन्हा घालायचे तसे. होकायंत्र केबिनच्या भिंतीतच बसवलेलं होतं, आणि त्याच्या बरोबर पाठीमागे आधीच्या कुणीतरी स्पीकरसाठी गोल भोक पाडून ठेवलं होतं. मी हसलो. माझ्यासारखा वायरमन जगात एकटा नव्हता. भोक बुजवलं, स्पीकर मागे नेले, आणि बॅटरी दोन भागांत वाटली : एक इंजिन आणि वायरलेससाठी, तिला गाण्यानं हात लावायचा नाही; दुसरी बाकी सगळ्यासाठी. शिडाच्या बोटीनं मला जे शिकवलं ते मी कोळीवाड्यात परत आणलं.

आता माझ्याकडून होडी निघते तेव्हा तिच्यावर दोन बॅटऱ्या असतात, तशाच वाटलेल्या. स्पीकर होकायंत्रापासून लांब. आणि सुकाणूजवळ, हात न लांबवता सापडेल असं, एक मोठं लाल बटण. ते स्टिरिओच्या पाठीमागच्या त्या वायरीला जोडलेलं असतं जी बहुतेक वायरमन कापून टेप लावून सोडून देतात. ती बॅटरीच्या ऋण वायरीला टेकवली की आवाज बंद होतो. वीसएक रुपयांचं बटण. मी त्याचे पैसे लावत नाही.

मागच्या नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी भावाच्या होडीवर काम संपवत होतो. मामा आता नाहीत. भावाचा मुलगा खालून मोबाइलवरून गाणी लावून पाहत होता. ब्लूटूथ, वायर नाही, कॅसेट नाही, करंदी अडकायला जागा नाही. बटण पाहून तो म्हणाला, "काका, हे कशाला? मोबाइलवर बोट लावलं की गाणं बंद."

उत्तर मी देणार होतो, पण त्याच्या बापानं दिलं. तो जाळ्याची गाठ बांधत होता, मान वर न करता म्हणाला, "मोबाइल शोधेपर्यंत दर्या थांबत नाय."